प्रोपेलर तुटून झालेला हलक्या विमानाचा अपघात: कळवणे, अवशेष आणि कागदपत्रे

बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणी प्रशिक्षणासाठी उडणाऱ्या विमानाला अपघात झाल्यास वैमानिकाने, आणि तो त्या अवस्थेत नसेल तर मालकाने किंवा चालक संस्थेने, विमान अपघात तपास विभाग म्हणजे एएआयबी आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए या दोघांनाही सूचना द्यायची असते. जिल्हादंडाधिकारी व जवळचे पोलीस ठाणे यांनाही कळवावे लागते. नियमांतील 24 तास ही शेवटची मर्यादा आहे, सवलत नव्हे. शक्य तितक्या लवकर कळवणे हीच मूळ अट आहे.

सर्वाधिक घोटाळा होतो तो अपघाताच्या व्याख्येत. नुकसान केवळ प्रोपेलरपुरते मर्यादित असेल तर तेवढ्यावरून तो अपघात ठरत नाही, हे खरे आहे. पण पाते हवेत तुटले की उरलेल्या पात्यांचा तोल जाऊन होणारी थरथर इंजिनाचे माउंटसुद्धा (इंजिन धरून ठेवणारी चौकट) मोडू शकते, आणि मग ही सूट उरत नाही. शिवाय गंभीर घटनाही, म्हणजे अपघात थोडक्यात टळलेला प्रसंगही, कळवावीच लागते. तेव्हा हा निवाडा हँगरमध्ये बसून स्वतःच करू नये.

माणसांना बाहेर काढणे, आग रोखणे किंवा वाहतुकीचा अडथळा दूर करणे अशी कारणे वगळता परवानगीवाचून अवशेष हलवता येत नाहीत. तुटलेले पाते पुसू नये, धुऊ नये आणि दोन तुकडे जुळतात का हे पाहण्यासाठी ते एकमेकांवर टेकवू तर मुळीच नये. धातूचा थकवा, म्हणजे वारंवार पडणाऱ्या ताणाने हळूहळू वाढत जाणारी भेग, भंगलेल्या पृष्ठभागावर भरतीच्या खुणांसारख्या रेषा सोडतो. पाते आधी तुटले की जमिनीवर आदळून, याचे उत्तर बहुधा तिथेच असते. भल्या हेतूने फिरवलेले एक फडके ते पुसून टाकते, आणि दोष मात्र तपास रेंगाळल्याचा दिला जातो. शेतात उडालेला तुकडा सापडल्यास आधी जागेवरच छायाचित्र घ्यावे.

विमानाची व इंजिनाची लॉगबुके, नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, वैमानिकाचा परवाना ही कागदपत्रे सहसा मिळतात. मिळत नाही तो प्रोपेलरचा स्वतःचा इतिहास. खड्यांनी पात्याच्या पुढच्या कडेला पडलेले ओरखडे कधी, कोणी आणि किती घासून काढले, याची नोंद अनेकांकडे नसते, आणि भेग बहुधा अशाच ओरखड्यापासून सुरू होते. ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण खोलून तपासणी-दुरुस्तीची, मुदतही अर्धवट वाचली जाते: उत्पादक तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा देतात, आणि यांपैकी जी आधी भरेल ती लागू होते. पावसाळाभर विमान उभे होते, हे उत्तर तिथे चालत नाही.

अंतिम अहवाल शक्यतो 12 महिन्यांत यावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. विम्यासाठी अवशेष हवे असतील, तर ते ताब्यात देण्याची लेखी मागणी एएआयबीकडे आधीच करून ठेवावी.