अक्षता पडताना चित्र का फुटतं?

आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट गेल्या महिन्यात लॅपटॉपवर उतरवली. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून कॅप्चरची डबी आणली, व्हीसीआरचं हेड पुसलं आणि प्ले दाबलं. टीव्हीवर इतकी वर्षं गुळगुळीत दिसलेलं लग्न लॅपटॉपवर दातेरी निघालं. अक्षता टाकायला हात उठले की प्रत्येक हाताची कड फणीसारखी! स्वस्थ बसलेल्या आजोबांचा फेटा मात्र शाबूत.

कॅसेटचा दोष नाही. टीव्ही आणि कॉम्प्युटर ही घराणीच वेगळी. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी, पण त्या एका दमात काढत नसत. आधी एकाआड एक, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. प्रक्षेपणाला जागा कमी लागावी आणि चित्र लुकलुकूही नये, म्हणून ही युक्ती. कॉम्प्युटरवरच्या अक्षरांची बारीक आडवी रेघ अशाने थरथरते. म्हणून १९८७ च्या व्हीजीए या कॉम्प्युटरच्या पडद्यासाठीच्या पद्धतीने ६४० बाय ४८० ठिपक्यांचं चित्र वरपासून खालपर्यंत सलग काढलं, सेकंदाला ६० वेळा. माझ्या लॅपटॉपने दोन अर्धी चित्रं एकत्र विणली, तेवढ्यात हात सरकलेला होता, म्हणून ते दाते.

हे भांडण तसं किरकोळ. खरी अडचण ओझ्याची होती. पाल व्हिडिओ आकड्यांत मांडला तर ७२० बाय ५७६ ठिपके (६२५ पैकी पडद्यावर दिसणाऱ्या ओळी ५७६च), प्रत्येकी सरासरी २ बाइट, सेकंदाला २५ चित्रं : म्हणजे सेकंदाला दोन कोटींहून जास्त बाइट. सुरुवातीचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला १५० किलोबाइट वाचायचा. एका सेकंदाच्या लग्नाला सव्वादोन मिनिटं! १९९१ मध्ये ॲपलचं व्हिडिओ दाखवणारं क्विकटाइम आलं तेव्हा कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ टपालाच्या तिकिटाएवढा असायचा, तो यामुळेच.

सुटका गणिताने केली. बंगळूरचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म मांडला. चित्राचे ८ बाय ८ चे चौकोन करायचे, प्रत्येकात ठळक चढउतार किती आणि बारीक किती ते वेगळं काढायचं, आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक टाकून द्यायचे. व्हिडिओ आवळण्याच्या एमपेग पद्धतीने त्यावर कडी केली : मागच्या चित्रातलं जे हललं नाही ते पुन्हा पाठवायचंच नाही. कार्यालयाची भिंत एकदाच. व्हीसीडीने तर ३५२ बाय २८८ वर येऊन निम्म्या ओळीच सोडल्या, म्हणजे फणीचा प्रश्नही मिटला. एका सीडीत ७४ मिनिटं मावली. सिनेमाच्या मध्यावर उठून सीडी बदलणारी पिढी आठवा.

कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला मी फाइल आणखी आवळली. मंगलाष्टकं स्वच्छ. "सावधान" झालं आणि चित्र चौकटीचौकटींनी फुटलं. शेकडो दाणे, प्रत्येकाची वाट निराळी, मागच्या चित्रातलं उसनं घ्यायला काही नाहीच. तेवढ्या भागाला बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारी जागा, वाढवून दिला.

आईला मात्र ते टीव्हीवरच बघायचं होतं. पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीत खोचला. चालू व्हायला त्याने बराच वेळ घेतला, आणि पहिला प्रश्न विचारला : अपडेट आता करायचं की नंतर?