वर्गात आलेली बातमी : शालेय अर्थशिक्षणातील एका पद्धतीची पार्श्वभूमी

मुलांना समजेल असे अर्थशास्त्र लिहिण्याचे सुरुवातीचे गाजलेले प्रयत्न ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झाले. आज वर्गात ताजी बातमी घेऊन अर्थशास्त्र शिकवतात. त्या प्रयत्नांत मात्र बातमीला जागा नव्हती. १८१६ मध्ये जेन मार्सेट यांनी शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांच्या संवादातून हा विषय मांडला. हॅरिएट मार्टिनो यांनी १८३२ ते १८३४ या काळात मजुरी, व्यापार, कर यांचे नियम गोष्टींत गुंफले. रिचर्ड व्हेटली यांचे पैशाच्या व्यवहारावरचे सोपे धडे १८३३ चे. ते आयर्लंडच्या राष्ट्रीय शाळांत वापरले गेले. तिघांनीही तत्त्व आधी ठरवले आणि प्रसंग त्याच्या मापाने बेतला, त्यामुळे उदाहरण कधी तत्त्वाच्या विरोधात गेले नाही. बातमीकडून अशी सोय होत नाही. तिच्यात चार कारणे एकाच वेळी काम करत असतात आणि त्यांतले वर्गाच्या कामाचे कोणते, हे कुठे लिहिलेले नसते.

वर्तमानकाळ शाळेत आला तो अमेरिकेत, आणि अर्थशास्त्र म्हणून नव्हे तर नागरिकशास्त्र म्हणून. खास विद्यार्थ्यांसाठीची चालू घडामोडींची नियतकालिके विसाव्या शतकाच्या आरंभी निघू लागली. १९१६ मध्ये तिथल्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या समितीने वरच्या वर्गांसाठी लोकशाहीसमोरील प्रश्नांवर आधारलेला अभ्यासक्रम सुचवला. या विचाराची सर्वांत धीट मांडणी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ हॅरोल्ड रग यांच्या १९२९ पासूनच्या पाठ्यपुस्तकांत दिसते. बेकारी, संपत्तीची वाटणी, जाहिरातींचा खर्च शेवटी कोण भरतो, असे चालू प्रश्न त्यांत थेट होते. महामंदीच्या वर्षांत ही पुस्तके खूप खपली. १९४० च्या आसपास जाहिरातदार, उद्योजक आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांवर झोड उठवली आणि काही वर्षांत ती शाळांतून बाहेर गेली. प्रश्न विचारायचा, पण तो सोडवण्याची सर्वमान्य रीत मुलांच्या हाती द्यायची नाही, ही या पद्धतीची कमजोरी तेव्हा उघडी पडली. रीत नसली की उरते फक्त मत, आणि शिक्षकाच्या मतावर हल्ला करणे सोपे असते.

ती रीत घडायला आणखी दोन दशके लागली. १९४९ मध्ये अमेरिकेत शालेय अर्थशिक्षणासाठी संयुक्त परिषद स्थापन झाली. १९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या राष्ट्रीय कृतिगटाने अहवाल दिला. त्याचा भर माहितीपेक्षा विचार करण्याच्या क्रमावर होता: प्रश्न नेमका काय ते ठरवा, उद्दिष्टे मांडा, पर्याय शोधा, प्रत्येक पर्यायाचे परिणाम तपासा. आज बातमीवर घेतला जाणारा कोणताही चांगला तास याच चार पायऱ्यांवर उभा असतो. पुढे १९७७ मध्ये संकल्पनांचा आराखडा आला आणि १९९७ मध्ये २० ऐच्छिक मानके. त्यामुळे शिक्षकाला बातमी वाचण्याआधीच विचारता येऊ लागले की आज टंचाई शिकवायची आहे, संधी खर्च (एक पर्याय निवडताना सोडावा लागलेला दुसरा) की प्रोत्साहने.

या रीतीची गरज १९७३ च्या तेलसंकटाने चांगलीच दाखवली. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली आणि जानेवारी १९७४ पर्यंत कच्च्या तेलाचा पिंपामागचा भाव सुमारे ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या पुढे गेला. अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. वर्गात याचा सरळ अर्थ लावला जातो, की तेल कमी पडले म्हणून रांग. पण पुरवठा घटला की भाव चढतो. रांग लागते ती भाव चढू दिला जात नाही तेव्हा, आणि अमेरिकेत १९७१ पासून किंमत नियंत्रण लागू होते. म्हणजे रांगेच्या एका छायाचित्रात दोन धडे होते, पुरवठ्यातील ऱ्हास आणि कमाल किंमतीची मर्यादा. दुसरा निसटला तर पहिलाही चुकीचा समजतो. विद्यार्थ्यांनी आलेखावर आधी पुरवठा वक्र (कोणत्या भावाला किती माल विकायला येतो ती रेघ) डावीकडे सरकवावा, मग नव्या समतोल किंमतीखाली, म्हणजे मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात त्या भावाखाली, मर्यादेची आडवी रेघ ओढावी आणि त्या रेघेवरचे मागणी-पुरवठ्यातले अंतर मोजावे. ते अंतर म्हणजे रांग.

याच आलेखात सर्वांत नेहमीची गफलत होते. भाव वाढल्यामुळे खरेदी कमी झाली, तर तो मागणीतील संकोच. मागणी वक्र जागचा हलत नाही, भावाखेरीज दुसऱ्या कारणाने मागणी बदलली तरच हलतो. बातम्यांत मात्र सर्रास ‘मागणी घटली’ असे छापतात आणि मुले वक्र सरकवून मोकळी होतात. महागाईचा दर ८ वरून ५ टक्क्यांवर आला, की किमती उतरल्या असे समजणे ही दुसरी चूक. किमती वाढतच आहेत, फक्त सावकाश. हीच घट ३ टक्के बिंदूंची (दोन टक्केवारींतला सरळ फरक) आहे, ३ टक्क्यांची नाही, हेही त्याच तासात सांगून टाकावे.

१९७७ मध्येच अमेरिकेत शेअर बाजाराचा शालेय खेळ सुरू झाला. लुटुपुटीची रक्कम, खरे भाव, मुलांचे गट. उत्साह भरपूर असतो, हे खरे. पण थोड्या आठवड्यांच्या स्पर्धेत पहिला बहुधा तोच गट येतो ज्याने सगळे पैसे एक-दोन शेअर्सवर लावलेले असतात, कारण बुडाले तरी खिशातले काही जात नाही. जोखीम विभागण्याचा धडा द्यायचा आणि बक्षीस जुगाराला, असा हा प्रकार. त्यापेक्षा बँक ऑफ इंग्लंडची २००० मध्ये सुरू झालेली व्याजदराची स्पर्धा अधिक कसदार वाटते. तिथे विद्यार्थ्यांचा गट ताजी आकडेवारी वाचून दर वाढवावा, घटवावा की तसाच ठेवावा हे परीक्षकांपुढे मांडत असे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत असे. स्पर्धेच्या नावातच महागाईचे लक्ष्य होते, २.५ टक्के. डिसेंबर २००३ मध्ये सरकारने महागाई मोजण्याचा निर्देशांक बदलून लक्ष्य २ टक्के केले, तेव्हा स्पर्धेचे नावही बदलावे लागले.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक कोसळली तेव्हा वेगळीच अडचण पुढे आली. बँकिंगचे प्रकरण अभ्यासक्रमात पुढे होते आणि बातमी आज दारात. अशा वेळी सगळे संकट समजावण्याचा हव्यास टाळून एकच प्रश्न घ्यावा: ठेवी केव्हाही परत मागता येतात, कर्जे मात्र लगेच वसूल होत नाहीत, मग सगळे एकदम आले तर काय?

२० एप्रिल २०२० ची बातमीही अशीच छाटून घ्यावी लागते. त्या दिवशी अमेरिकी कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा (पुढच्या तारखेला माल घेण्या-देण्याच्या कराराचा) भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल फुकट झाले, हा मुलांचा पहिला निष्कर्ष. भाव होता दुसऱ्या दिवशी मुदत संपणाऱ्या कराराचा. करार हातात राहिला तर ओक्लाहोमातल्या कुशिंगला तेल ताब्यात घ्यावे लागणार होते आणि साठवणुकीची जागा मिळणे मुश्कील होते. पुढच्या महिन्याचा वायदा त्याच दिवशी धन भावात होता. हे दोन भाव शेजारी लिहून फरक कशाचा एवढेच विचारले, तरी तास पुरतो.

आता आकडे मिळवणे अवघड राहिलेले नाही. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा आकडेसंग्रह कोणालाही विनामूल्य खुला आहे. पण राष्ट्रीय उत्पन्नासारखे आकडे प्रसिद्धीनंतर सुधारले जातात, म्हणून मुलांनी काढलेल्या प्रत्येक आलेखावर आकडा घेतल्याची तारीख हवी. नाहीतर महिन्याभराने अंदाज पडताळताना चूक तर्काची होती की आकडाच बदलला, हे कळायला मार्ग उरत नाही.