४० लाखांची मर्यादा पक्षाला नाही

‘विधानसभेला प्रचारावर एकूण ४० लाखच खर्च करता येतात,’ हा समज नौपाड्यापासून ऐरोलीपर्यंत पक्का आहे. तो चुकीचा आहे. २०२२ पासूनची ही मर्यादा उमेदवाराला आहे. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरला, तेव्हा सरकारने लगेच कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. मला ही गोष्ट फार खटकते. २००३ च्या दुरुस्तीने पळवाट थोडी आवळली: स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च वगळला जातो, पण सभेत उमेदवार मंचावर बसला की त्या सभेचा वाटा त्याच्या नावावर पडतो. निकालानंतर ३० दिवसांत त्याला हिशेब द्यावाच लागतो. सबळ कारणाशिवाय चुकवला, तर आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.