लाल रंगाची पारख: घरच्या भट्टीतला पहिला चाकू

घरच्या घरी चाकू घडवायचा म्हटले, की डोळ्यांसमोर प्रथम ऐरण आणि घण येतात. प्रत्यक्षात पहिल्या चाकूसाठी या दोहोंवाचून चालते. चालत नाही ते तापमानाच्या अचूक अंदाजावाचून. जुनी कानस मऊ करून, करवतीने कापून व घासून तिला पात्याचा आकार देता येतो, परंतु ते पाते धार धरील की नाही, हे भट्टीतील काही मिनिटांतच ठरते. नागपुरात हा अंदाज हमखास चुकवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे येथील ऊन.

शास्त्रज्ञ जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवून दिले, की कोणताही घन पदार्थ सुमारे ५२५ अंश सेल्सियसला मंद लाल प्रकाश देऊ लागतो. मात्र ही लाली अंधारातच दिसते. मे महिन्याच्या भर दुपारी गच्चीवर ७०० अंशांचे पोलादही काळपट भासते, आणि नवशिका ते आणखी तापवीत राहतो. अति तापलेल्या पोलादातील स्फटिककण मोठे होतात व असे पाते हातातून पडले तरी तुटू शकते. म्हणून भट्टी छपराखाली पण मोकळ्या हवेत असावी आणि काम सूर्यास्तानंतर करावे. बंद खोलीत ते करूच नये, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पारशिवनी तालुक्यातील नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी सापडली, आणि नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिलावर्तुळांत (दगडांची वर्तुळे रचलेल्या प्राचीन दफनस्थळांत) लोखंडी कुऱ्हाडी व खंजीर मिळाले. इसवी सनापूर्वीच्या त्या कारागिरांजवळ तापमापक नव्हता. धातूचा रंग पाहूनच त्यांना सारे ठरवावे लागत असणार.

पोलाद निवडताना कार्बनचे प्रमाण पाहावे. साध्या मृदू पोलादाच्या पट्टीत ते ०.२ टक्क्यांच्या आसपास असते आणि ती कितीही तापवून तेलात वा पाण्यात बुडवली तरी पुरेशी कठीण होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात ते सुमारे ०.६ टक्के, तर चांगल्या कानशीत १ टक्का किंवा त्याहून थोडे अधिक असते. जस्ताचा मुलामा असलेले भंगार भट्टीत घालू नये. त्याचा धूर अंगात ताप आणतो. कानस लाल करून राखेत पुरली आणि सावकाश थंड होऊ दिली, म्हणजे ती करवतीने कापण्याइतकी मऊ होते.

आता खरा भाग. तापवताना सुमारे ७२७ अंशांच्या पुढे पोलादातील अणूंची मांडणी बदलते. नव्या मांडणीत कार्बनला सामावून घेण्याची जागा कितीतरी अधिक असते, आणि ही मांडणी चुंबकाला दाद देत नाही. कानशीच्या पोलादाला चुंबक चिकटेनासा झाला, की हा बदल घडला असे समजावे. अंधारात हे डोळ्यांनीही दिसते: तापलेले पाते बाहेर काढून थंड होऊ दिले, तर विझत चाललेली लाली मध्येच क्षणभर पुन्हा उजळते, कारण मांडणी पूर्ववत होताना उष्णता बाहेर पडते. मला तरी या साऱ्या खटाटोपातील सर्वांत देखणे दृश्य हेच वाटते.

चुंबक सुटल्यावर पाते किंचित अधिक तापवून ५० ते ६० अंशांच्या शेंगदाणा तेलात टोकाकडून सरळ बुडवावे. कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो अडकतो आणि मार्टेन्साइट ही कठीण रचना तयार होते. पाण्यात थंडावा फार झपाट्याने येतो व बारीक पाते तडकण्याची भीती असते. तेल कोमट केल्याने पातळ होते व पात्याभोवती नीट खेळते. ते धातूच्या भांड्यात असावे, झाकण हाताशी असावे आणि पेट घेतल्यास त्यावर पाणी मुळीच ओतू नये.

या अवस्थेत पाते काचेसारखे ठिसूळ असते. घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर तासभर, असे दोनदा तापवल्याने कार्बनचा काही भाग सुटतो आणि पात्याला चिवटपणा येतो. आधी घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर तेव्हा फिकट पिवळा रंग चढतो. तो ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरातील प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाचा, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळण्याचा, परिणाम असतो. निळा दिसला, तर तापमान ३०० अंशांच्या जवळ गेले असे समजावे. कोरीव कामाच्या चाकूसाठी ते जास्तच होते.

पाते बोटभर लांबीचे पुरे. शस्त्र कायद्याच्या नियमांत घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामाचे नसलेले ९ इंचांहून लांब पाते शस्त्रांत मोजले जाते, आणि नवशिक्याला तशा पात्याचा उपयोगही नसतो.

लाकूड कोरण्यासाठी सागवानाने सुरुवात करू नये; त्यातील सिलिका धार लवकर बोथट करते. शिवणीचे लाकूड मऊ व एकसारखे असते. नवी धार तपासायची, तर शिवणीच्या तुकड्याच्या टोकावर, तंतूंना आडवा छेद घ्यावा: छेद गुळगुळीत व चकचकीत आला तर धार उत्तम, पांढरट रेघ उमटली तर त्या जागी धारेला दाता पडला आहे, आणि तंतू दबलेले दिसले तर पाते पुन्हा दगडावर घासावे.