कोडे नव्हे, सोडत

बिटकॉइनची बातमी आली की एक वाक्य हमखास वाचायला मिळते : 'शक्तिशाली संगणक अवघड गणिती कोडी सोडवून नवी नाणी मिळवतात.' कोडे म्हटले की बुद्धी आली, युक्ती आली. इथे दोन्हींचा पत्ता नाही. ही निव्वळ सोडत आहे.

डिजिटल नाणे म्हणजे शेवटी एक नोंद, आणि नोंदीची नक्कल करता येते. तेच नाणे दोघांना दिले, तर खरा व्यवहार कोणता हे एरवी बँक ठरवते. बँकेशिवाय ते ठरवण्याची रीत 2008 मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने आलेल्या नऊ पानी टिपणात होती.

ती 'हॅश'वर उभी आहे. एसएचए-256 या कृतीत एक अक्षर घाला की अख्खा ग्रंथ, बाहेर 256 बिटांचीच (0 किंवा 1 अशा अंकांची) ओळ पडते, तोच हॅश. ग्रंथातला एक अनुस्वार खोडा, साधारण निम्मे बिट पालटतात. कोणते, ते आधी सांगता येत नाही. खाणकाम करणारा, म्हणजे नवी नाणी मिळवू पाहणारा, नव्या व्यवहारांचा गठ्ठा, मागच्या ब्लॉकचा (आधी नोंदलेल्या गठ्ठ्याचा) हॅश आणि मनाने निवडलेला एक आकडा (नॉन्स) एकत्र करून हॅश काढतो. उत्तर ठरावीक मर्यादेखाली आले तर ब्लॉक त्याचा, आणि बक्षिसाची नवी नाणीही त्याची. नाहीतर आकडा बदलून पुन्हा. नॉन्स 32 बिटांचा, म्हणजे सुमारे 429 कोटी पर्याय. आजची यंत्रे ते क्षणात संपवतात आणि गठ्ठ्यातच किंचित फेरफार करून नवी फेरी मांडतात. 'इतके फसले, आता लागेलच' ही जुगाऱ्याची समजूत इथेही खोटीच. प्रत्येक प्रयत्नाला शक्यता तेवढीच. मागचा हॅश पुढच्या ब्लॉकमध्ये गुंफलेला असल्याने जुनी नोंद बदलायची तर तिथपासूनच्या सगळ्या सोडती पुन्हा जिंकाव्या लागतात.

खरी गंमत पुढे आहे. दर 2016 ब्लॉकांनी, साधारण दोन आठवड्यांनी, ती मर्यादा अशी सरकते की सरासरी दहा मिनिटांना एकच ब्लॉक निघावा. यंत्रे दुप्पट झाली की मर्यादा निम्म्यावर. भाव चढला की वीज जास्त जळते, नाणी मात्र तेवढीच! इथेरियम या दुसऱ्या डिजिटल चलनाने सप्टेंबर 2022 मध्ये ही सोडत सोडून नाणी तारण ठेवण्याची पद्धत घेतली, आणि त्याचा वीजवापर 99 टक्क्यांहून अधिक घटला.

बिटकॉइनची एकूण नाणी 2.1 कोटींच्या वर जाणार नाहीत. ब्लॉकमागचे बक्षीस 50 नाण्यांवरून 2024 मध्ये 3.125 वर आले. 'मर्यादित आहे, म्हणजे भाव वाढणारच' हे विक्रेत्याचे तर्कशास्त्र झाले. पुरवठा मागणीकडे बघतच नाही, म्हणून सगळा धक्का किमतीला बसतो. अशा नाण्यात पगार किंवा कर्जाचा हप्ता ठरवणे कठीण. एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या देशाने 2021 मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले. 2025 मध्ये ते स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली.

बहामाच्या मध्यवर्ती बँकेचा 'सँड डॉलर' (2020) डिजिटलच, पण त्याला खाणकाम लागत नाही. नोंद कोण राखतो हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे पेच निराळा. संकटाची कुणकुण लागताच लोकांनी ठेवी बँकांतून काढून थेट मध्यवर्ती बँकेच्या पैशात वळवल्या, तर बँका कर्जे कशातून देणार? म्हणूनच सँड डॉलरच्या वॉलेटमध्ये किती रक्कम ठेवायची याला मर्यादा आहे, आणि तिच्यावर व्याजही मिळत नाही.