उवांचं नऊ दिवसांचं गणित

शाळा सुरू झाली त्या दिवशी चौथीतली एक मुलगी डोक्याला रुमाल बांधून वर्गात आली. एप्रिलमध्ये तिची वेणी कमरेला टेकत होती, आता रुमालाखाली नखाएवढेही केस नव्हते. मे महिन्यात मुंबईच्या मावसबहिणी आल्या. महिनाभर सगळ्या पोरी पडवीत एका ओळीत, डोक्याला डोकं लावून झोपल्या. मग खाज सुरू झाली. आईने दुकानातून औषध आणून लावलं आणि उवा गेल्याही, पण पंधरवड्यात परत दिसल्या. तेव्हा वैतागून तिने केसच काढून टाकले.

मी आईला दोष देत नाही. औषधाच्या पाकिटावरची अक्षरं मुंगीएवढी असतात, आणि ते दुसऱ्यांदा कधी लावायचं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पण पोरीने दोन आठवडे रुमाल सोडला नाही, ते पाहून फार वाईट वाटलं. केस कापायची काहीच गरज नव्हती.

गंमत म्हणजे हे गणित तिच्या वडिलांना तोंडपाठ आहे. त्यांची हापूसची बाग आहे. मोहोरावर तुडतुडे पडले की एका फवारणीवर भागत नाही, हे देवगड-रत्नागिरीकडच्या कुठल्याही बागायतदाराला माहीत असतं. तुडतुड्याची अंडी मोहोराच्या आणि पानांच्या पेशींत घातलेली असतात, तिथे औषध पोहोचत नाही. आज फिरणारे तुडतुडे मेले, तरी काही दिवसांनी अंड्यांतून नवी पिल्लं बाहेर येतातच. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात फवारण्या ठरावीक अंतराने येतात, आणि औषधही बदलत जातं. डोक्यातल्या उवांचं नेमकं हेच आहे.

ऊ म्हणजे तिळाएवढा, दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, बिनपंखी कीटक. तिच्या सहाही पायांच्या टोकाला आकड्यासारखी नखी असते, आणि ती नखी माणसाच्या केसाच्या जाडीला बरोबर बसते. माडाला कवेत धरून चढावं तशी ती केस धरून चढते. तिला उडता येत नाही, पिसवेसारखी उडीही मारता येत नाही. फक्त चालता येतं, पण चालते मात्र भराभर, मिनिटाला वीतभर. दिवसातून अनेकदा ती टाळूतून रक्त पिते आणि डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. कुत्रा, मांजर, गुरं यांच्या अंगावरच्या उवा वेगळ्या. डोक्यातली ऊ माणसाच्या डोक्याशिवाय कुठेच जगत नाही.

मादी दिवसाला साधारण सहा ते आठ अंडी घालते. त्यांनाच आपण लिखा म्हणतो. प्रत्येक लीख ती टाळूच्या अगदी जवळ, एकेका केसाला डिंकासारख्या द्रवाने चिकटवते, कारण अंडं उबायला टाळूची ऊब लागते. हा डिंक प्रथिनाचा असतो, घट्ट झाला की पाण्याने किंवा शाम्पूने सुटत नाही. कोंडा झटकला की उडतो, लीख उडत नाही. घरच्या घरी ओळखायची हीच खूण.

आता दिवस मोजू. अंडं घातल्यापासून सहा ते नऊ दिवसांत पिल्लू बाहेर येतं. ते तीनदा कात टाकतं आणि आणखी नऊ ते बारा दिवसांनी अंडी घालण्याजोगं होतं. मोठी ऊ डोक्यावर साधारण महिनाभर जगते. समजा, आज औषध लावलं आणि चालत्या-फिरत्या सगळ्या उवा मेल्या. उरल्या फक्त लिखा. त्यातली कालच घातलेली लीखसुद्धा नवव्या दिवसापर्यंत फुटते, आणि सगळ्यात आधी फुटलेल्या लिखेतलं पिल्लूही तोवर अंडी घालण्याएवढं मोठं झालेलं नसतं. या फटीत दुसऱ्यांदा औषध लावलं की पिढी तिथेच तुटते. रविवारी पहिल्यांदा लावलं, तर पुढचा रविवार उलटून येणाऱ्या मंगळवारी दुसऱ्यांदा. कॅलेंडरवर त्या दिवशी गोल करून ठेवा. डोकं खाजत नसलं, एकही ऊ दिसत नसली, तरी लावायचं.

सर्वात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे एक टक्का परमेथ्रिनचं लोशन. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात पायरेथ्रिन नावाची कीटकनाशक द्रव्यं असतात. त्यांच्याच धर्तीवर माणसाने हे रसायन बनवलं. उवेच्या मज्जातंतूंत सोडियमची ये-जा करणारी सूक्ष्म दारं असतात. परमेथ्रिन ती दारं उघडी अडकवून ठेवतं, आणि ऊ लुळी पडून मरते. मात्र नुकत्याच घातलेल्या अंड्यात पहिले काही दिवस मज्जासंस्थाच तयार झालेली नसते. जे तंतू अजून बनलेच नाहीत त्यांना औषध काय करणार? लिखा वाचतात त्या अशा.

लावण्याची रीत महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे नेमकी इथेच चूक होते. आपण रविवारी खोबरेल चोपडून मग न्हाऊ घालतो. पण केसांवर तेलाचा किंवा कंडिशनरचा थर राहिला तर लोशन केसाला नीट लागत नाही. आधी साध्या शाम्पूने तेल पूर्ण काढा, केस टॉवेलने टिपून ओलसर ठेवा, मग लोशन लावा, कानामागे आणि मानेवर विसरू नका, दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. धुताना मुलाला वाकवून फक्त डोकं धुवा, अंगभर औषध ओघळू देऊ नका. नंतर एक-दोन दिवस डोकं धुऊ नका. दोन महिन्यांहून लहान बाळाला हे लावायचं नाही. आठ ते बारा तासांनी पाहिलं आणि उवा अर्धमेल्या, हळू चालत असल्या, तर औषध काम करतंय, घाईने पुन्हा लावू नका. पहिल्यासारख्याच पळत असतील तर मात्र त्या औषधाला दाद देत नाहीत.

असं होऊ शकतं. जगात अनेक ठिकाणी उवांच्या त्या सोडियमच्या दारांतच बदल झालाय, त्यामुळे परमेथ्रिन तिथे नीट अडकत नाही. अशा वेळी मात्रा वाढवायची नाही, डॉक्टरांकडे जायचं. डायमेथिकोनसारखं सिलिकॉन तेल, आयव्हरमेक्टिनचं लोशन असे पर्याय आहेत. डायमेथिकोनचं काम मला विशेष वाटतं. त्यात मज्जातंतूंचा संबंधच नाही. रक्तातलं जादा पाणी ऊ श्वासछिद्रांतून बाहेर टाकते. ती छिद्रं तेलाने बुजली की पाणी आतच साचतं आणि ऊ मरते. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या पंधरा किलोंहून कमी वजनाच्या मुलाला देत नाहीत, आणि कोणालाही डॉक्टरांना न विचारता देऊ नका. जुन्या बाटलीवर लिंडेन किंवा गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड असं लिहिलेलं दिसलं तर ती मुलांच्या डोक्याला लावू नका, त्याने आकडी येऊ शकते.

इथे मला जरा कळकळीने लिहायचंय. बागेत फवारतात ते डेल्टामेथ्रिन किंवा लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन हे परमेथ्रिनचेच भाऊबंद आहेत, म्हणून पंपात उरलेलं थोडं पोरीच्या डोक्याला लावलं तर काय बिघडलं, असं कुणाला वाटू शकतं. खूप बिघडतं. बागेच्या औषधात वेगळी द्रावकं असतात, त्याची तीव्रता वेगळी असते, आणि मुलांच्या टाळूवर खाजवून झालेल्या जखमांतून ते थेट आत जातं. घासलेट तर चुलीजवळ बसलेल्या मुलीच्या डोक्याला लावणं म्हणजे आगीला बोलावणं. शिवाय त्याने कातडी भाजते, आणि पोटात जाताना छातीत उतरलं तर फुप्फुसांना सूज येते. सीताफळाच्या बियांची पूड हा आपल्याकडचा जुना उपाय. तिने उवा मरतात हे खरं, पण तीच पूड डोळ्यात गेली तर बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला जखम होते. आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवलेत. न्हाताना पाणी डोळ्यांवरूनच ओघळतं, ते कसं टाळणार? चुकून गेलीच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

औषधाशिवायही मार्ग आहे, आणि तो आजीचाच आहे. इस्राएलमधल्या लाखीश इथे सापडलेल्या हस्तिदंती फणीवर साधारण ३,७०० वर्षांपूर्वीच्या अक्षरांत एक वाक्य कोरलंय. ही फणी केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून काढो, असा त्याचा अर्थ. माणूस इतकी वर्षं हेच करत आलाय. खोबरेल लावलेल्या ओल्या केसांत ऊ सुस्तावते, पळून जात नाही. नुसत्या तेलाने ती मरेलच असं मात्र धरू नका, पाण्यात बुडवलेली ऊसुद्धा छिद्रं मिटून कित्येक तास तग धरते. तेलाचा उपयोग फणी घसरवण्यासाठी. बारीक दातांची फणी टाळूला टेकवून केसांच्या टोकापर्यंत ओढायची, दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसायची, डोक्याचा एकही भाग सोडायचा नाही. हे तीन-चार दिवसांच्या अंतराने, निदान दोन आठवडे, आणि सलग काही वेळा एकही ऊ मिळेनाशी होईपर्यंत. लांब, दाट केसांना तास लागतो. पण जिथे औषध चालत नाही तिथेही हे चालतं.

फणीत लिखा सापडल्या म्हणून घाबरू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे टाळूपासून सेंटिमीटरभर दूर गेलेली लीख बहुधा रिकामं टरफल असते.

ओल्या केसांत उवा आपोआप होतात, पावसात वेणी सुकली नाही की होतात, असं आपल्याकडे मानतात. ऊ उवेपासूनच येते, डोक्याला डोकं लागून. स्वच्छ डोकंही तिला चालतं, त्यामुळे घाणेरडेपणाचा शिक्का मारणं चूकच. डोक्यातल्या उवांमुळे दुसरा आजारही पसरत नाही. टायफस हा जिवावर बेतणारा ताप पसरवते ती कपड्यांतली, अंगावरची ऊ. ते फ्रेंच जीवाणुशास्त्रज्ञ शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवून दिलं आणि त्यासाठी त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. डोक्यातल्या उवांचा त्रास खाजेचा, झोपमोडीचा, आणि नखांनी जखम होऊन ती पिकण्याचा. मानेमागे गाठी आल्या, टाळूवर पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण खाज म्हणजे उवेच्या लाळेची शरीराला आलेली ॲलर्जी. म्हणजे शाळेत खाजवताना दिसलेलं मूल महिनाभर आधीपासून सगळ्यांत मिसळत असतं. त्याला त्या दिवशी घरी पाठवून किंवा मागच्या बाकावर एकटं बसवून काय साधतं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते, उवांसाठी मुलाची शाळा बुडवू नका. घरी निरोप द्या, त्या संध्याकाळी उपचार सुरू होऊ दे.

घरात एकाला झाल्या तर सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघायची, आणि ज्यांच्या डोक्यात सापडतील त्यांना एकाच दिवशी औषध. उशीची खोळ, टॉवेल गरम पाण्यात धुवा, फण्या कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवा. घर औषधाने फवारायची गरज नाही. मुली एकत्र झोपणार असतील तर केस मोकळे न ठेवता घट्ट वेणी घाला. चाकरमानी मे महिन्यात येतात आणि गणपतीला येतात. पोरं गळ्यात गळे घालून झोपणार, मोबाईलवर डोकी जोडून बसणार, आणि ते थांबवावं असं मला मुळीच वाटत नाही. पाहुणे परतले की त्या आठवड्यात पोरांना उजेडात बसवून तेल लावा आणि फणी फिरवा. गावातल्यांनीही, आणि मुंबईला परतलेल्यांनीही. एकीकडे सापडल्या तर दुसरीकडे फोन करा, म्हणजे दोन्ही घरांत दिवस एकाच तारखेपासून मोजता येतील.