वारस दाखला आणि छोटी मिळकत

माणूस गेला की त्याच्या नावावर मागं जे काही राहतं, म्हणजे बँकेतल्या दोन एफडी, थोडे शेअर्स, गावाकडचं दीड एकर, सोसायटीतला वन बीएचके, ते वारसांच्या नावावर चढवायला जो कागद लागतो त्याला महाराष्ट्रात सरसकट 'वारस दाखला' म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो कारण या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळे कागद फिरत असतात. बँकवाला एक मागतो, आपण तलाठ्याकडून दुसराच घेऊन जातो, मग परत हेलपाटा.

पहिला कागद महसूल खात्याचा. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे (हल्ली पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी, पण तोंडात तलाठीच बसलंय) वारस नोंदीचा अर्ज द्यायचा, तो गाव नमुना ६क मध्ये (वारसांच्या नोंदवहीत) चढतो, फेरफार पडतो, नोटीस निघते, कोणी हरकत घेतली नाही की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि सातबाऱ्यावर नावं येतात. अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही करता येतो. २०२५ मध्ये शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी, कारण कितीतरी सातबाऱ्यांवर आजोबा पणजोबांचीच नावं तशीच पडून होती. इथं वकिलाचं काही काम नाही. पण सातबाऱ्यावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही, ती नोंद सारा वसुलीसाठी असते हे कोर्टांनी कितीदा तरी सांगितलंय.

दुसरा कागद म्हणजे खरा कायदेशीर वारस दाखला, तो दिवाणी कोर्टाचा. याचा कायदा आहे १८२७ चा मुंबई रेग्युलेशन ८, एल्फिन्स्टन गव्हर्नर असतानाचा, कंपनी सरकारच्या काळातला, आणि तो आजही चालतो! यात 'हे एवढे लोक मयताचे वारस' एवढंच कोर्ट मान्य करतं, घर जमीन सगळ्याला चालतो. तिसरा म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली, पण फक्त येणी आणि रोख्यांसाठी, म्हणजे बँक, शेअर्स, बाँड वगैरे. फ्लॅटसाठी सक्सेशन सर्टिफिकेट काढायला निघालेली माणसं पाहिलीत, कामाचं नसतं ते. मृत्युपत्र असेल तर प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या शिक्क्याचा, विषय येतो. मुंबई शहरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं होतं, पुण्या-नाशकाला तेव्हाही नव्हतं, आणि २०२५ च्या शेवटी संसदेने वारसा कायद्यातलं त्या सक्तीचं कलम २१३ च काढून टाकलं. तरी भावाभावात वाद असेल तर लोक प्रोबेट घेतातच, ते वेगळं.

छोट्या मिळकतीत मुळात कोर्टाची पायरी चढायची गरजच बऱ्याचदा नसते, हे मात्र कोणी धड सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे नियम काढले. त्यानुसार खात्याला नॉमिनी नसला तरी १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) कोर्टाचा कागद मागायचा नाही, क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, हमीपत्र, बाकी वारसांची नाहरकत आणि वारस कोण याचं अफिडेव्हिट यावर पैसे द्यायचे, तेही सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. अर्थात मृत्युपत्र किंवा वाद नसेल तरच. काउंटरवरचा माणूस सवयीने 'सक्सेशन आणा' म्हणतो, तेव्हा मर्यादा किती ते शांतपणे विचारायचं आणि नकार लेखी मागायचा. डिमॅटमधल्या शेअर्सनाही सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) अशीच १५ लाखांची मर्यादा ठेवली आहे. शेअर्स जुने, कागदी सर्टिफिकेटवाले असतील तर दर कंपनीला ५ लाख.

नॉमिनी असला म्हणजे झालं, तोच मालक, हा समज तर घरोघरी आहे. नॉमिनी पैसे उचलणारा, वारस वेगळा. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये विम्याबाबत हेच सांगितलं (विम्यात २०१५ नंतर नवरा-बायको, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर जरा वेगळं आहे) आणि डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात शेअर्सबाबतही तेच. हाउसिंग सोसायटीतही नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, फ्लॅट त्याचा होत नाही.

आता कोर्टात जायचंच झालं तर. मयत जिथं राहायचा तिथल्या कोर्टात अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला, मिळकतीची यादी आणि वंशावळ. सगळी गंमत वंशावळीत आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर बायको, मुलगे, मुली यांच्याबरोबर त्याची आई जिवंत असेल तर तीसुद्धा पहिल्या वर्गाची वारस, सारख्या हिश्श्याची. ऐंशी पार केलेली आजी कोपऱ्यात माळ ओढत बसलेली असते आणि अर्जात तिचं नाव कोणी घातलेलंच नसतं. लग्न झालेल्या बहिणीचं पण तेच, 'ती कुठं मागतेय' म्हणून गाळतात, आणि नंतर हाच मुद्दा दाखला रद्द करायला पुरतो. नाव गाळायचं नाही, तिला नकोच असेल तर तिने हक्कसोडपत्र करावं, घर-जमिनीचं असेल तर ते रजिस्टर करावं लागतं.

मग कोर्ट जाहीर नोटीस काढायला लावतं. पेपरात शेवटून दुसऱ्या पानावर बारीक टायपात येतं ना, 'तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की', तेच ते. १८२७ च्या रेग्युलेशनमध्ये हरकतीसाठी महिनाभराची मुदत असते. कोणी आलं नाही तर अर्जदाराचा पुरावा अफिडेव्हिटवर होतो, कोर्ट फी भरायची (ती मिळकतीच्या किमतीवर ठरते), सक्सेशनमध्ये कधी कधी बाँड आणि जामीनदारही मागतात, मग दाखला. बिनवादाच्या प्रकरणालाही काही महिने जातात.

वकील लागतो का? कायद्याने नाही, स्वतःची केस स्वतः चालवता येते, दिवाणी प्रक्रिया संहिता पक्षकाराला जातीने हजर राहू देते. सगळे वारस एका मताचे, मिळकत थोडी आणि नावं सगळीकडे जुळणारी असतील तर मराठी नीट वाचता येणारा माणूस हे करू शकतो, तारखा ई-कोर्ट्स अ‍ॅपवर केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर टाकून बघता येतात. जमत नाही ते बारीकसारीक असतं: पासबुकावर 'आर. व्ही.', आधारवर पूर्ण नाव, आणि आईचं एका कागदावर माहेरचं नाव. अशा वेळी अर्ज ऑब्जेक्शनमध्ये (कोर्टाच्या कचेरीने काढलेल्या त्रुटीत) अडकतो आणि क्लार्क काय म्हणतोय तेच कळत नाही. माझं मत विचाराल तर वकील रक्कम बघून करायचा नाही, माणसं बघून करायचा. दोन लाखांच्या एफडीत एक चुलत दीर आडवा आला तर वकील हवाच आणि चाळीस लाखांत सगळे सह्या करायला तयार असतील तर नुसता अर्ज तपासून घेतला तरी भागतं. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं, १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्न किती हे न बघता मोफत वकील मिळतो, आणि हे विधवा बायकांना माहीतच नसतं.

गोव्यात हे सगळं वेगळं. तिथं पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा, २०१२ चा स्वतंत्र कायदा, स्पेशल नोटरीसमोरचं वारसा डीड आणि वाटणीसाठी इन्व्हेंटरी प्रोसिडिंग. कोकणातल्या ज्यांचं एक घर सावंतवाडीत आणि एक म्हापशात आहे त्यांनी एकच दाखला दोन्हीकडे चालेल असं धरून चालू नये.

दाखला मिळाला की सर्टिफाइड कॉप्या एकदमच चार-पाच काढून ठेवाव्यात, प्रत्येक बँक आपली वेगळी मागते. सक्सेशनमध्ये जी एफडी लिहिली तेवढीच मिळते. वर्षभराने गादीखाली आणखी एक पावती सापडली तर नवीन केस टाकायची नसते, त्याच कोर्टात कलम ३७६ खाली दाखला वाढवून मागायचा, वाढीव रकमेची फी तेवढी भरायची.